तांदळात लिहिलेलं नाव

१० फेब्रुवारी, सोमवार

अन् वरून मलेच विचारते, कोणता कागद. कोणता म्हणजे? सकाळी मी याच हातानं माह्या बुढ्याच्या हातात दिला. म्हणलं, जामुलच्या घराचा कागद हाय, कपाटात ठेवा, दुपारी व्हिसावाल्या धर्मेंद्रले द्याचा हाय. दुपारी कपाट उघडलं त कागद गायब. गादी उलटली, देवघर पाहिलं, सायकलची पिशवी झाडली. सापडला कुठी? पिठाच्या डब्यात. गव्हाच्या पिठात उभा खोचलेला. विचारलं त म्हणते, "मी कायले ठेवीन पिठात?" आवाज असा का जसा मीच ठेवला.

मले सारं समजते. तोंडानं "जाय ना, जाय" म्हणाचं अन् हातानं कागद लपवाचा. बायको जर्मनीले चालली हे पचत नाई माणसाले. जन्मभर क्रेन चालवली स्टील प्लांटात, वरून खाली पाहाची सवय. आता बायको विमानात बसन अन् ती वरून पाहीन, ते कसं खपन?

ही डायरी बी त्यायचीच. रिटायर झाले तरी संगातले लोक दरसाल आणून देतेत. पानाच्या खाली लिहिलं असते, हेल्मेट पहनें, सुरक्षित घर जाएँ. पहिले हे त्यात शिफ्ट लिहीत, दूधवाला लिहीत. औंदा कोरीच पडली होती. मी चौथी शिकलेली, पण लिहिता येते. कोणापाशी बोलू? संगं रोट्या टाकणाऱ्या रंभापाशी बोललं त साऱ्या मरोदा वस्तीले कळते.

१२ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते, मंग माह्याच ध्यानात राहत नाई.

प्लांटच्या सेक्टर ६ मधल्या साहेबाची पोरगी अनुजा. तिच्या मावशीच्या लग्नात मी लांब रोटी टाकाले गेली होती तवा हे एवढीशी होती. चुलीपासून हालेच ना. पातळ कणीक हातावर घेऊन मी कोपरापर्यंत लांब सोडली अन् उलट्या खापरावर टाकली का हे टाळ्या वाजवे. तीच आता जर्मनीत हॉटेल काढून बसली. तिले लांब रोटी पायजे, अन् तिथल्या दोन आचाऱ्यायले ते जमत नाई. म्हणते, काकू, तुम्ही या, थोडे दिवस शिकवा, मी एप्रिलमंदी दुसरं हॉटेल उघडून राहिली, पहिल्या दिवशी तुमच्या हातची रोटी पायजे. बोलावण्याचं पत्र पाठवलं, विम्याचं पाठवलं, सारं पाठवलं.

पावरहाउसपाशी धर्मेंद्रचं ऑफिस हाय, तो व्हिसाचे कागद लावून देते. म्हणे, "आंटी, घूमने वाला नहीं, बिज़नेस वीज़ा लगेगा, थोड़े दिन का." मी म्हणलं, मंग बिजनेसचाच लाव. मी जन्मभर फिराले कधी गेली?

मले जाचंच हाय. आता लग्नाइले तंदूरवाले बोलावतेत, मशीनवाले बोलावतेत. औंदा पुऱ्या थंडीत मले अन् रंभाले दोन-चार घरचंच बोलावणं आलं. खापरं अंगणात पालथी पडून हायेत, त्यावर मांजर झोपते. एक डाव जर्मनीहून आली का हेच लोक दारात येतीन. नाई आले तरी मी जाऊन आली असन. डोंगरगड अन् तुमसर सोडून मी काय पाहिलं?

तर आज धर्मेंद्रनं कागद पाहिले अन् मले विचारलं, "आंटी, ये भागीरथा कौन है?"

मी म्हणलं, मीच.

तो म्हणे, पासपोर्ट दुर्गा श्यामराव शेंडे. रोटीचं लायसन दुर्गा. आधार दुर्गा. अन् जामुलचं घर भागीरथा नत्थू भोयर. व्हिसावाले तीन गोष्टी पाहतेत म्हणे, घर, घरचा माणूस अन् धंदा, म्हणजे बाई वापस येईन का तिकडेच राहीन ते समजते. घर दुसऱ्याच बाईचं दिसून राहिलं.

मी समजावून सांगितलं. आमच्यात लग्नाच्या दिवशी पोरीचं नाव बदलवतेत. माह्या बाबानं, म्हणजे नत्थूजी भोयर, सिमेंट कारखान्यात होते, त्यायनं लग्नाच्या आधीच जामुलचं घर माह्या नावावर केलं. तवाचं माहं नाव भागीरथा. लग्नात ताटात तांदूळ पसरवतेत, नवरदेव अंगठीनं त्यात नवं नाव लिहिते. नणंदायनं यायले कानात दुसरंच नाव सांगितलं होतं. यायनं आयकलं नाई. जीभ दातात धरून, शाळेतल्या पोट्ट्यावानी, दुर्गा लिहिलं. ताट यायच्याकडे तोंड करून होतं, मले उलटं दिसे, मी मान वाकडी करून वाचलं. तवापासून मी दुर्गा.

धर्मेंद्र म्हणे, "ठीक है, पर उसका काग़ज़ कहाँ है?"

तांदळाचा कागद कुठून आणू? तांदूळ त दुसऱ्या दिवशी शिजवले.

आता तो म्हणते का दुर्गच्या कचेरीत नोटरीकडे जा. नवऱ्यानं शपथेवर सांगाचं का भागीरथा अन् दुर्गा एकच, अन् ते माही बायको. एवढंच. व्हिसासाठी मुंबईची तारीख १२ मार्च घेतली त्यानं.

एवढंच म्हणे. ज्याच्या हातून कागद पिठात जाते त्याले कचेरीत नेणं म्हणजे एवढंच?

१६ फेब्रुवारी, रविवार

समृद्धीचा नागपूरहून फोन. पोरगी असून आईचा व्हिसा विचारत नाई, पहिले "बाबा कसे हायेत". म्हणलं, मस्त हायेत, खाऊन राहिले, झोपून राहिले, माहे कागद लपवून राहिले. मंग म्हणे, "आई, परवा बाबानं फोनवर मले तीनदा विचारलं का मी कोणत्या वर्गात हाय. डॉक्टरले दाखव ना." मी म्हणलं, तुह्या बाबाले मजाक करायची सवय हाय. म्हणे, "आई, तू गेल्यावर बाबापाशी कोण राहीन?" म्हणजे झालं. पोरगी बी बाबाच्याच बाजूनं. धडधाकट माणूस, थोडे दिवस हातानं चहा करून पिणार नाई का?

फोन ठेवला. मंग वास आला. गॅस चालू, चहाचं गंज रिकामं, लालभडक झालेलं. हे समोर उभे राहून पाहून राहिले. जाणूनबुजून. म्हणजे मले दाखवाचं, पाह्य, तू गेल्यावर असं होईन.

१९ फेब्रुवारी

आज चूल पेटवली. अनुजाचे आचारी फोनवर पाहणार होते. रंभानं मोबाईल धरला, तिचा हात हाले, जर्मनीतले लोक माही रोटी पाहून राहिले का रंभाचा अंगठा, देव जाणे. पण शेवटली रोटी अशी उतरली का आरपार दिसे. अनुजा तिकडून म्हणे, काकू, ही अशीच पायजे.

बुढा अंगणात खाटेवर होता. रोटी ताटात दिली त हातात धरून उजेडात पाहिली. म्हणे, "नत्थूजीच्या घरी अशीच खाल्ली होती. त्यायची पोरगी चुलीपाशी होती. वर पाहेच ना."

म्हणलं, धूर होता, कशी पाहीन?

म्हणे, "पोरगी चांगली हाय."

रंभा हासली, मले बी हासू आलं. लय दिवसानं आलं. मंग संध्याकाळपर्यंत तेच सांगत बसला, ज्याले त्याले, दूधवाल्याले बी. कान पकले. कामाचं काही विचारलं का ध्यानात नाई, अन् हे असं ध्यानात राहते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हद्द झाली.

सकाळी उठून पाहते त बुढा घरात नाई, सायकल नाई. वाटलं चौकात गेला असन. नऊ वाजले, दहा वाजले. रंभाचा पोरगा मोटरसायकल घेऊन फिरला. अकराच्या पुढे जामुलहून कमलेशचा फोन आला. कमलेश म्हणजे बाबाच्या घरात किरायानं राहते तो. म्हणे, "चाची, चाचा यहाँ बैठे हैं. चाय पिला दी है."

एवढ्या लांब सायकलनं. या वयात. लग्नाकार्याले घालाचा तो पांढरा शर्ट घातलेला, केसाले तेल, भांग पाडलेला. कमलेशच्या बायकोले म्हणे, नत्थूजी हायेत का, त्यायनं आज बोलावलं होतं. तिनं म्हणलं, नत्थूजी कोण? त ओट्यावर बसून राहिले. म्हणे, येतीन, मी थांबतो.

मी ऑटो करून गेली. मले पाहून उभे राहिले.

मी सारं समजली. जामुलच्या घरावर नजर. कमलेशले फोडाचं, शेजाऱ्यायले फोडाचं, का हे घर हिचं नाईच, नत्थूजीचं हाय, मंग माहा कागद खोटा पडते. नाईत मेलेल्या माणसाले भेटाले शर्ट घालून कोण जाते?

ऑटोत मी जे बोलली ते इथं लिहीत नाई. सायकल ऑटोच्या टपावर. हे सारा रस्ता शर्टाची बाही सारखी करत बसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहू का नको झालं. लिहिते.

कचेरीत गेलो. काल दिवसभर पढवून ठेवलं होतं. साहेब विचारतीन हे कोण, त म्हणाचं, माही बायको दुर्गा, माहेरचं नाव भागीरथा. यायनं माह्या मांगं म्हणून दाखवलं. बसमंदी बी म्हणून दाखवलं. मी यायचा शर्ट इस्त्री करून दिला, तोच पांढरा, त्यायले तोच पायजे होता.

नोटरी भला माणूस. काळा कोट, टेबल झाडाखाली, गर्दी. त्यानं कागद वाचला अन् यायले विचारलं, "दादा, ये आपकी कौन हैं?"

यायनं माह्याकडे पाहिलं. किती येळ पाहिलं. मी डोळ्यानं खुणावलं, बोला.

"भागीरथा," म्हणे. "नत्थूजी भोयराची पोरगी. जामुलची."

मी म्हणलं, अर्धं झालं. नोटरी म्हणे, "और दुर्गा?"

"दुर्गा कोण?"

नोटरीनं पेन खाली ठेवलं. मंग हळूच विचारलं, "ये आपकी पत्नी हैं न?"

अन् हा माणूस लाजला. खरंच लाजला, साठीच्या पुढचा माणूस. खाली पाहून म्हणे, "अजून नाई. बोलणी चालू हायेत."

बाजूचे सारे हासले. एक टायपिंगवाला टेबल बडवून हासला. मले वाटलं जमीन फाटावी. नोटरी हासला नाई. म्हणे, "माताजी, मैं इस पर दस्तख़त नहीं कर सकता. इन्हें किसी अच्छे डॉक्टर को दिखाइए. फिर किसी दिन आइए." मी म्हणलं, डॉक्टरची गरज मले हाय, या माणसापायी. कागद ओढून घेतला.

बसमंदी मी खिडकीकडे तोंड करून बसली. यायनं कुठून तरी फल्लीदाण्याची पुडी घेतली होती. माह्यापुढे केली. म्हणे, "घ्या ना. तुमी कोण्या गावच्या?"

तुमी. लग्न झाल्यापासून या माणसानं मले कधी तुमी म्हणलं नाई. "अवो" म्हणलं, "आयकतं का" म्हणलं, राग आला त "बयताड" म्हणलं. आज तुमी. साऱ्या कचेरीत नाक कापून वरून टोमणा.

दाणे घेतले नाई. त्यायनं पुडी माह्या मांडीवर ठेवली अन् आपण थोडे दूर सरकून बसले, जसं परक्या बाईपाशी बसतेत.

२५ फेब्रुवारी

स्वयंपाक केला नाई. रंभानं भाजी आणली. कालचं सारं सांगितलं. ते आयकत गेली, नेहमीसारखी मधात बोलली नाई. मंग म्हणे, "बाई, भाऊजी टोमणा नाई मारून राहिले."

म्हणलं, मंग काय करून राहिले?

म्हणे, "माह्या सासऱ्याचं असंच झालं होतं. मले आपली बहीण समजत. शेवटी शेवटी..."

मी म्हणलं, चालती हो. भाजीचा डबा बी घेऊन जा.

ते गेली. डबा ठेवून गेली. हे जेवले. जेवून झाल्यावर विचारलं, जेवण कधी होईन.

उद्या शिवरात्र, कचेरी बंद. बंदच राहो.

३ मार्च, सोमवार

अनुजाचा फोन. काकू, मुंबईची तारीख हुकली त दुसरी लवकर भेटत नाई, मले मंग दुसऱ्या कोणाले बोलवा लागन. रागावली नाई ते, तेच वाईट. मी म्हणलं, हुकत नाई.

धर्मेंद्रकडे गेली. त्याले कचेरीचं सारं माहीत. दरवाजा लोटून म्हणे, आंटी, इतकं टेन्शन कायले? नोटरीले कुठं तुमचा नवरा माहीत हाय. दुसरा नोटरी पाहू. टोपी घातलेला कोणताही बुढा चालते, आधारचा फोटो तसाबी कोणाचाच ओळखू येत नाई. माणूस हाय त्याच्यापाशी, अशा कामाले येते.

मी नाई म्हणाले पायजे होतं. मी म्हणलं, कवा?

हे कोणाले सांगणार नाई, पण इथं लिहिते. मले त्या वेळी काहीच वाईट वाटलं नाई. वाटलं, सुटली.

५ मार्च, बुधवार

गेली होती. धर्मेंद्रच्याच ऑफिसात, पहिले तालीम म्हणून. तो भाड्याचा बुढा आला. टोपी, चष्मा, गळ्यात मफलर, या उन्हात. पायाची चप्पल यायच्यासारखीच. धर्मेंद्रनं नोटरीसारखं विचारलं, ये आपकी कौन हैं?

तो माणूस धडाधडा म्हणे, "ये मेरी धर्मपत्नी दुर्गा श्यामराव शेंडे, शादी के पहले का नाम भागीरथा नत्थू भोयर, एक ही औरत है, मैं शपथ से कहता हूँ."

एक अक्षर चुकला नाई. माह्याकडे पाहिलं बी नाई.

मले काय झालं काय माहीत. घरच्या माणसाले दिवसभर पढवलं तरी जमलं नाई, अन् हा चहा पिता पिता म्हणून गेला. माही दोन्ही नावं त्याच्या तोंडात अशी होती जशी बसवाला गावं घेते, पावरहाउस, सुपेला, दुर्ग. मी उठली. धर्मेंद्र म्हणे, आंटी, क्या हुआ, एकदम परफेक्ट तो बोला. मी म्हणलं, म्हणूनच.

घरी आली त हे दारात उभे. म्हणे, "कुठी गेली होती? मले काही समजत नव्हतं." कोणाले म्हणले, दुर्गाले का भागीरथाले, का जे कोण दारात आली तिले, मी विचारलं नाई. हात धरून आत नेलं. हात थंडा होता.

समृद्धीले फोन केला. शुक्रवारची गाडी घेऊन ये म्हणलं, शनिवारी बाबाले मोठ्या डॉक्टरकडे न्याचं हाय. ते रडाले लागली. म्हणलं, रडू नको, फक्त ये.

६ मार्च, गुरुवार

शनिवारी पहिले त्याच नोटरीकडे जाणार, मंग डॉक्टरकडे. नोटरी म्हणे शनिवारी अर्धा दिवस बसतो, अकराले या. मले अजून बी मुंबईले जाचं हाय. हे खोटं नाई लिहीत. खापरं मी सकाळी धुऊन ठेवली.

दुपारी ताटात तांदूळ पसरवले. माही अंगठी काढली, साबण लावून काढा लागली. यायच्या समोर ताट ठेवलं, अंगठी हातात दिली. म्हणलं, लिहा.

यायनं अंगठी पाहिली अन् बाजूले ठेवली, जपून, खाटेच्या पायापाशी. चष्मा लावला. मंग तांदळातले खडे येचाले लागले. एक एक खडा बोटावर घेऊन उजेडात पाहे अन् ओंजळीत ठेवे. जीभ दातात धरलेली, तशीच. मी किती येळ बसून होती माहीत नाई. सारे तांदूळ निवडून झाले त ताट माह्याकडे सरकवलं. म्हणे, "घे. साफ झाले."

घे म्हणले. घ्या नाई म्हणले.

तेच तांदूळ रातच्यासाठी टाकले.

आता हे तुमच्यासाठी लिहून राहिली. डायरी तुमचीच हाय, तुमच्या चष्म्यापाशी उघडी ठेवते, वाचता त येते अजून. मी कोणावर रागावून नाई राहिली. रागावली होती, आता नाई. दुर्गा सांगा नाईत भागीरथा सांगा, माहं काही म्हणणं नाई, मी दोन्ही हाय, दोन्हीले ओ देईन. पण कोणाची हाय ते तुमीच सांगाचं, दुसऱ्याच्या तोंडून मले चालत नाई. शिकवणार बी नाई मी आता. परवा सकाळी पांढरा शर्ट काढून ठेवीन, चहा देईन, समोर बसीन. शनिवारच्या चहापर्यंत सांगा. मी कोण हाय तुमची?